चतुर्थीच्या आरत्या आणि न दिसणारा स्पीकर

प्रश्न : फोंड्यातल्या आमच्या घराच्या खालच्या खोल्या पर्यटकांना देतो. म्हणून पाहुण्यांचं, घरचं आणि स्पीकर-कॅमेऱ्यांचं अशी वाय-फायची तीन नेटवर्क केली. आता चतुर्थीच्या आरत्या लावायच्या, तर मोबाईलवर स्पीकरच दिसत नाही. बिघडला का?

उत्तर : नाही हो, स्पीकर ठणठणीत असणार. मोबाईल त्याला २२४.०.०.२५१ या पत्त्यावर, ५३५३ पोर्टवर (पोर्ट म्हणजे जोडणीचं क्रमांक दिलेलं दार) हाक मारतो. ही हाक त्याच नेटवर्कपुरती असते, राऊटर ती पलीकडे पाठवत नाही. राऊटरच्या सेटिंगमध्ये 'एमडीएनएस रिपीटर' किंवा 'रिफ्लेक्टर', म्हणजे ही हाक एका नेटवर्कवरून दुसऱ्यावर पोचवणारी सोय, शोधा आणि घरचं व स्पीकरचं एवढ्या दोनच नेटवर्कसाठी चालू करा. फायरवॉलमध्ये (नेटवर्कमधली ये-जा रोखणाऱ्या राखणदारात) मोबाईलकडून स्पीकरकडे वाट मोकळी ठेवा. काही स्पीकर उलट मोबाईलकडेही जोडणी करतात, तेवढे पोर्ट उघडा. नेटवर्क वेगळी केलीत हे उत्तमच. पाहुण्यांचं वाय-फाय यात अजिबात घेऊ नका.