ट्रेलरमधला पहिला उन्हाळा

एसीच्या जिवावर उन्हाळा काढायचा विचार आधी सोड. गाडीमागे ओढायच्या घराचा हा सतरा फुटी डबा तापला की एसी दिवसभर नुसता घरघरतो. आपल्या घराला चाकं आहेत ना, मग उंचावरच्या गावाकडे चढ! अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनातलं फिनिक्स समुद्रसपाटीपासून साधारण ३३० मीटरवर, तिथलंच फ्लॅगस्टाफ २,१०० वर. अडीच तासांत दहा-बारा अंश उतरतात. भोवतालच्या सरकारी जंगलात बऱ्याच ठिकाणी १४ दिवस फुकट राहता येतं.

ट्रेलर लावताना फ्रिजची बाहेरची जाळी दुपारच्या उन्हाकडे नको. गॅसवरचा फ्रिज असेल तर दूध नासतंच. आमचं दोनदा नासलं, पनीर खाल्लं.

रात्री छतातला पंखा हवा बाहेर फेकेल असा लाव आणि उशाजवळची एकच खिडकी चार बोटं उघड. गार झुळूक थेट तोंडावर येते. सगळ्या खिडक्या उघडल्यास की ती गंमत गेली.

फोडणी बाहेरच, गॅसच्या शेगडीवर. आत दिलीस तर तीन दिवस उशीला हिंगाचा वास.

आणि जुलैत दुपारी ढग दाटले की बाजूचं कापडी छत गुंडाळूनच कुठे जायचं ते जा. मी ‘पाच मिनिटांत येतो’ म्हणून गेलो होतो. परतलो तेव्हा दांड्या वाकलेल्या आणि कापड टपावर.