गोळी रोज घेते, तरी मला बरं का वाटत नाही?

"मॅडम, गाठ काढली, गोळी एक दिवस चुकवत नाही, रिपोर्ट पण करते, मग मी अशी का झालेय?" थायरॉईडचं ऑपरेशन झालेल्यांकडून हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकलाय, आणि जवळजवळ प्रत्येकजण पुढे हळूच विचारतं, "माझ्या डोक्यात तर काही बिघडलं नाही ना?" म्हणून एका ताईंची गोष्ट सांगते. त्यांना विचारलंय, आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

ताई कोथरूडच्या, चाळिशी ओलांडलेल्या. गलगंड होता, कॅन्सर नव्हता, पण गाठींचा श्वासनलिकेवर दाब यायला लागला म्हणून पूर्ण ग्रंथी काढावी लागली. ऑपरेशन झालं जूनमध्ये, पालख्या पुण्यातून पुढे गेल्या त्याच आठवड्यात. माझ्याकडे समुपदेशनाला आल्या गणपती झाल्यावर, ते पण नवऱ्याने पाठवलं म्हणून. त्यांनी फोनवर सांगितलं होतं, "हिला डिप्रेशन आलंय बहुतेक, जरा बोलून बघा."

पहिली वीस मिनिटं नुसत्या रडल्या. मग बोलायला लागल्या ते थांबेचनात, केस मूठमूठ जातायत, पोट साफ होत नाही, सगळे पंख्याखाली बसतात आणि मला थंडी वाजते, पोळ्या लाटता लाटता ओट्याला टेकून डोळे मिटतात, मुलीवर नको तेवढं ओरडते आणि मग रात्री तिच्या पायाशी बसून रडते. सासूबाई म्हणतात, ऑपरेशन होऊन तीन महिने झाले, अजून काय. आणि सगळ्यात जास्त कशाचं लागलं होतं तर आरतीचं. दरवर्षी घरात त्याच वरच्या पट्टीत आरती धरायच्या, यंदा तिथे आवाजच फुटेना, दुसऱ्याच ओळीला गप्प झाल्या आणि टाळ वाजवत उभ्या राहिल्या.

मग पर्समधून प्लॅस्टिकची पिशवी काढली, त्यात रिपोर्ट. तीन महिन्यांत आठ! टीएसएच (थायरॉईडचं हार्मोन कमी पडलं की हा आकडा वाढतो) ११, मग १३, मग ९, परत १२. प्रत्येक कागदाच्या मागे पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलेलं, 'दीड', 'परत एक', 'एक + अर्धी'. मी विचारलं हे काय, तर म्हणाल्या, "आकडा वाढला की मी अर्धी वाढवायचे, धडधड झाली की कमी करायचे. डॉक्टरांची पुढची तारीख लांब होती ना."

ते कागद बघून मला खरंच वाईट वाटलं, कारण ही बाई आळशी नव्हती, बेफिकीर तर अजिबात नव्हती, जीव तोडून सगळं नीट करायला बघत होती आणि त्यातच अडकली होती. या गोळीतलं थायरॉक्सिन रक्तातून अर्धं व्हायलाच साधारण ७ दिवस लागतात. म्हणजे आज डोस बदलला तर पातळी स्थिर व्हायला पाच-सहा आठवडे जातात, आणि हा टीएसएच सोडणाऱ्या मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीला हे कळून आकडा जागेवर यायला आणखी थोडे दिवस लागतात. म्हणून डॉक्टर ६ ते ८ आठवड्यांनी तपासायला सांगतात. मी त्यांना म्हटलं, ताई, विरजण लावून दर तासाला चमचा घालून बघितलं तर दही लागेल का हो? तेव्हा पहिल्यांदा जरा हसल्या.

पण मला अजून एक खटकत होतं. वजन ६४ किलो. पूर्ण ग्रंथी काढल्यावर साधारण किलोमागे १.६ मायक्रोग्रॅम हिशोबाने सुरुवात करतात, म्हणजे १०० ची गोळी बरोबरच होती. मग आकडा उतरत का नाही? म्हणून मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला, सकाळी डोळे उघडल्यापासून काय काय करता ते मला दाखवा, नुसतं सांगू नका. त्यांनी माझ्या टेबलावर बोटाने ओटा आखला. "इथे गॅस, इथे चहा ठेवते. इथे वाटीत रात्रीच गोळ्या काढून ठेवते म्हणजे विसरायला नको. थायरॉईडची, कॅल्शियमची, आणि एक रक्तवाढीची. चहाच्या पहिल्या घोटाबरोबर तिन्ही घेऊन टाकते, एकदाच उरकतं."

तिथेच होतं सगळं. कॅल्शियम आणि लोह ही गोळी पोटात धरून ठेवतात, रक्तात नीट जाऊ देत नाहीत, त्यांच्यात ४ तासांचं अंतर लागतं. चहाने पण शोषण कमी होतं. गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, आणि मग अर्धा ते एक तास चहा-नाश्ता काही नाही. डिस्चार्ज कार्डवर 'नाश्त्याआधी' एवढंच लिहिलेलं होतं, आणि कॅल्शियम तर ऑपरेशननंतर मिळालेलंच होतं, दोन्ही गोळ्या एकाच कागदावर एकाखाली एक. कुणीतरी दोन मिनिटं देऊन समजावायला हवं होतं, ते राहिलं. आणि ज्यांची स्वतःची थोडी ग्रंथी शिल्लक असते त्यांचं एखादवेळेस भागून जातं, पण पूर्ण काढल्यावर शरीराला मिळणारं सगळं त्या गोळीतूनच मिळतं, म्हणून चूक लगेच दिसते.

डोस हा माझा प्रांत नाही. मी एक पानभर चिठ्ठी लिहिली, सकाळची वाटी, अर्ध्या गोळ्या, सगळं, आणि त्यांना एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांकडे, पाठवलं. त्यांनी डोस १०० वरच ठेवला, कॅल्शियम दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाबरोबर केलं, रक्तवाढीची गोळी दुपारी. केसांसाठी ताईंनी बायोटिन नावाचं व्हिटॅमिन पण सुरू केलं होतं, ते तपासणीच्या आधी दोन दिवस बंद ठेवायला सांगितलं, कारण त्याने रिपोर्टचे आकडे चुकीचे येऊ शकतात. आणि रक्त द्यायचं सकाळची गोळी घेण्याआधी.

आमचं खरं काम इथून पुढे सुरू झालं, ते आठ आठवडे काढायचं. कॅलेंडरवर एकाच तारखेला गोल केला, त्याआधी लॅबवाल्याला घरी बोलवायचं नाही असं ठरलं. नवऱ्यालाही एकदा बोलावलं, कारण घरात "रिपोर्ट काय म्हणतो" याच्यापलीकडे कुणी काही विचारतच नव्हतं. मी त्यांना म्हटलं, ही चिडचिड, ही झोप, हे रडू, यात आजाराचा वाटा आहे, तिचा स्वभाव बदललेला नाही. ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "मी तिला दोनदा आळशी म्हणालो." तिसऱ्या आठवड्यात ताईंनी एक गोष्ट कबूल केली, हरतालिकेला निर्जळी होती म्हणून गोळी घेतली नव्हती, आणि त्या एका दिवसाने सगळं बिघडलं असं त्या महिनाभर मनात धरून होत्या. एका दिवसाने एवढं काही होत नाही हो, सात दिवसांनीही निम्मं औषध अंगात असतं. पण पुढच्या वर्षी दोन घोट पाण्याबरोबर गोळी घ्या, औषधाला देवाची ना नसते.

आठ आठवड्यांनी टीएसएच २.६ आला. त्याच्या आधीच एका दुपारी त्यांचा फोन आलेला, "आज न झोपता अख्खा पेपर वाचला!" सगळं सुटलं असं नाही. वाढलेलं वजन तसंच आहे. आवाजासाठी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे पाठवलं, कारण वरच्या सुराची नस ग्रंथीच्या वरच्या टोकाजवळूनच जाते, आता स्पीच थेरपी चालू आहे. आणि ऑपरेशनच्या आधीच्या रात्रीची भीती अजून निघते, त्यासाठी त्या येतात. सगळंच गोळीचं असतं असं मी कधी म्हणत नाही, आकडा बरोबर आल्यावरही उदासी राहिली तर ती वेगळी बघावी लागते.

तुमचंही ऑपरेशन झालं असेल तर दुसऱ्या कुणाच्या आकड्याशी आपला लावू नका, कॅन्सरसाठी ग्रंथी काढलेल्यांचा टीएसएच काही वेळा मुद्दाम खाली ठेवतात. ओठांभोवती, बोटांत मुंग्या आल्या, हात वाकडे व्हायला लागले तर ते कॅल्शियम उतरल्याचं लक्षण असतं, त्याच दिवशी दवाखाना गाठा. छातीत धडधड, हात थरथरणं, झोप उडणं, हे डोस जास्त झाल्याचं असू शकतं, डॉक्टरांना फोन करा. दिवस राहिले तर लगेच कळवा, डोस वाढवावा लागतो. आणि जगणं नको असं वाटलं तर आठ आठवडे थांबायचं नाही, घरच्यांना सांगा, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर रात्रीही चालतो.

ताईंच्या घरी आता ती वाटी नाही. पहाटेची गोळी पलंगाशेजारी, तांब्याभांड्याजवळ. कॅल्शियमची बाटली जेवणाच्या टेबलावर लोणच्याच्या बरणीशेजारी असते, आणि भात वाढून झाला की सासूबाईच एक गोळी काढून त्यांच्या हातावर ठेवतात.