मेमधला बर्फ आणि रात्रीचे दोन

प्रश्न : मी आणि माझी एकोणीस वर्षांची मुलगी मेमध्ये हिमाचलातल्या सर पास या बर्फाळ खिंडीच्या ट्रेकला जातोय. दर रविवारी सात किलोची सॅक घेऊन सिंहगड करतो. माहितीपत्रकात लिहिलंय की पासच्या दिवशी रात्री दोनला उठायचं. मुलगी म्हणते, उन्हात निघू, फोटो चांगले येतील. हिमस्खलन थंडीतच होतं ना? मेपर्यंत तर बर्फ वितळलेला असतो.
– एक वाचक, कर्वेनगर

उत्तर : वितळलेला नसतो हो, वितळत असतो. गोम तिथेच आहे. आणि थंडीचं म्हणाल, तर उत्तरकाशीजवळ द्रौपदी का डांडा शिखरावर हिमस्खलनात २९ जण गेले ते ४ ऑक्टोबर २०२२ला. शिकून-शिकवून डोंगरात जाणारी माणसं होती ती.

रात्री वरचा ओला बर्फ गोठतो, कण एकमेकांना घट्ट धरतात, बुटाची जेमतेम खूण उमटते. ऊन चढलं की पाणी थरांत झिरपतं, पकड सुटते आणि भिजलेल्या साखरेच्या ढिगासारखा उतार खचतो. पूर्वेकडचे उतार आधी सैल होतात, मग दक्षिणेकडचे, दुपारी पश्चिमेकडचे. म्हणून दोनला उठायचं. मात्र रात्रभर आभाळ भरलेलं असेल तर बर्फ नीट गोठतच नाही, मग लवकर उठूनही उपयोग नाही. तंबूबाहेर येऊन चांदण्या दिसतात का बघा, बूट आपटून बघा. ताजा बर्फ पडला असेल तर एक-दोन दिवस थांबायचीच तयारी ठेवा.

सिंहगडाने पायांचं काम होईल. पण सह्याद्रीत आपण घाबरतो ते कड्याला. बर्फात खरा धोका ३० ते ४५ अंशांच्या उताराला. त्याहून उभ्या ठिकाणी बर्फ फारसा साठतच नाही, थोडा थोडा घसरत राहतो. तीस अंश म्हणजे किती? मुलीच्या जुन्या कंपासपेटीतला कोनमापक काढा, मध्यबिंदूला दोरा आणि त्याला नट बांधा. जिन्याच्या पायऱ्यांच्या कडांवर काठी तिरपी टेकवून कोनमापकाची सरळ बाजू तिला लावा. दोरा जो आकडा दाखवेल तो नव्वदातून वजा करा. आमच्या सोसायटीच्या जिन्यावर ३२ आले. रोज भाजीची पिशवी घेऊन चढते मी तो! आणि तुम्ही सपाटीवर असलात तरी वरचा उतार तसा असेल तर त्याच्या पायथ्याशी रेंगाळू नका.

हे मी रेंगाळून शिकले. १९८७ साली हिमाचलातच आमचा गट चहा आणि फोटोंपायी दोन तास उशिरा निघाला. अकराच्या सुमाराला एका घळीच्या तोंडाशी डबे उघडले. वरून लिंबाएवढे बर्फाचे गोळे घरंगळत आले, मागे रेघा सोडत. आम्हाला गंमत वाटली. बरोबरच्या गाइडने काही न बोलता माझा डबा उचलला आणि डोंगरधारेकडे चालू लागला. अर्ध्या तासाने ती घळ वरपासून खालपर्यंत वाहिली. खाली जे थांबलं त्यावर नंतर कुदळ आपटली तर टण्ण वाजली. ओला बर्फ थांबल्यावर सिमेंटसारखा बसतो.

तेव्हा गोळे घरंगळायला लागले किंवा पाय पोटरीपर्यंत रुतायला लागला की उताराखालून बाहेर. घळ ओलांडताना एकेकाने जायचं, बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून बघत राहायचं. गाडला गेलेला माणूस पहिल्या पंधरा मिनिटांत निघाला तर वाचण्याची आशा चांगली असते, पुढे ती झपाट्याने घसरते. हेलिकॉप्टर त्या वेळात येत नाही, काढणार बरोबरचेच. त्यासाठी प्रत्येकाकडे बीकन (गाडलेल्याचा ठावठिकाणा सांगणारं रेडिओयंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं लागतं, शिवाय सरावही. तुमच्या ट्रेकला ते असेलच असं नाही, म्हणून पैसे भरण्याआधी आयोजकांना एवढं विचारा : किती वाजता मागे फिरायचं ठरलंय? ‘परिस्थिती बघून ठरवू’ असं उत्तर आलं तर दुसरा आयोजक बघा.

आणि मुलीला सांगा, दुपारच्या चकाकीत बर्फाचे फोटो पांढरेफटक येतात. साडेपाचला धारेवर असेल तर गुलाबी मिळतील.