ताकाचिहोच्या गुहेत बघायचं काय? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

जपानला जाणाऱ्यांना मी मियाझाकी प्रांतातलं ताकाचिहो सुचवते, क्युशू बेटावरचं डोंगरातलं गाव, तिथलं अमानो इवातो जिन्जा म्हणजे सूर्यदेवी अमातेरासु जिथे लपून बसली त्या गुहेचं देऊळ. त्यावरून इनबॉक्समध्ये बरंच काही येऊन पडलंय, त्यातलं निवडक घेते.

टोकियो-क्योटो झाल्यावर आमच्याकडे दोन दिवस उरतात. पण या देवळाच्या फोटोंत गुहा कुठेच दिसत नाही, मग जायचं कशाला?

दिसत नाही कारण फोटो काढूच देत नाहीत. गुहा नदीच्या पलीकडच्या कड्यात आहे, तिथे कुणी जात नाही, आणि ती गुहाच देव असल्यामुळे पश्चिमेकडच्या देवळात वेगळा गाभारा नाहीये. पुजाऱ्यांना सांगितलं की ते तुम्हाला शुद्ध करून मागच्या बाजूला नेतात आणि पलीकडे बोट दाखवतात. तिकडे झाडीच झाडी, त्यामुळे दाखवूनसुद्धा धड दिसत नाही. "एवढंच?" म्हणून हिरमुसलेले चेहरे मी बघितलेत.

म्हणून गोष्ट वाचून जा. सुसानोओ हा अमातेरासुचा भाऊ, त्याने तिच्या भातशेतीचे बांध फोडले, पाट बुजवले, आणि शेवटी विणकामाच्या दालनाचं छप्पर फोडून सोललेला घोडा आत टाकला. त्यात एक विणकरीण मेली. बाईसाहेब गुहेत गेल्या, दार लावलं, जगभर अंधार. मग देवांनी नदीपात्रात सभा भरवली, कोंबडे आरवायला लावले, झाडाला आरसा टांगला, आणि उझुमे नावाची देवी उपड्या पिंपावर अशी काही नाचली की अंगावरचे कपडे सुटले आणि सगळे देव खदाखदा हसले. मी नसताना हसताय कशाला म्हणून अमातेरासुने दार किलकिलं केलं, आरशात स्वतःचंच तेज दिसलं, ती जरा पुढे आली तेवढ्यात ताजिकाराओ या ताकदवान देवाने हात धरून बाहेर ओढलं आणि परत आत जाऊ नये म्हणून मागे दोर बांधला. हे सगळं ७१२ सालच्या कोजिकी या जपानी पुराणग्रंथात आहे, थोड्या फरकाने ७२० च्या निहोन शोकी या ग्रंथातही.

देवांच्या सभेची जागा, आमानोयासुकावारा, तिथून नदीकाठाने वर दहाएक मिनिटांवर आहे. तिथे मात्र बघायला भरपूर! मोठी कपार, आत छोटं देऊळ, आणि लोकांनी नवस बोलून रचलेल्या दगडांच्या असंख्य उतरंडी. पाय जपून टाका, एक धक्का लागला तर कुणाचा तरी नवस पडायचा.

दोन दिवसांतले प्रवासात किती जातील तेही बघा. रेल्वे नाही, २००५ च्या वादळात पूल वाहून गेले आणि ती लाइन बंदच पडली. विमानाने कुमामोतो आणि तिथून बस, बसेस मोजक्याच, वेळा आधी बघून ठेवा.

सासूबाई सोबत आहेत. हार, नारळ, उदबत्ती न्यायची का? आणि सुतक, पाळी असं काही पाळतात का?

यातलं काहीच नको. उदबत्ती बौद्ध मंदिरात, शिंतो म्हणजे जपानच्या मूळ धर्माच्या देवळात नाही. तोरीइच्या कमानीशी वाकायचं, पाण्याने आधी डावा हात, मग उजवा, मग चूळ. पेटीत नाणं टाकायचं, दोनदा वाकायचं, दोन टाळ्या, परत एकदा वाकायचं. चपला बाहेर काढायची गरज नाही, सासूबाईंना हे पचायला जड जाईल. सुतक मात्र त्यांच्याकडेही आहे बरं, घरात मृत्यू झाला तर पन्नास दिवस तोरीइखालून जायचं नाही असा रिवाज. पाळीचाही विटाळ पूर्वी मानायचे, आता पाहुण्यांना कुणी काही विचारत नाही.

तिथला कागुरा नाच बघावा का? मुलं लहान आहेत.

एकवेळ गुहा राहू दे पण कागुरा, म्हणजे देवांच्या गोष्टी सांगणारा शिंतो नाच, चुकवू नका. ताकाचिहो देवळात रोज रात्री आठला तासाभराचा कार्यक्रम असतो, चार नाच. शेवटचा इझानागी-इझानामी या जोडप्याचा, दोघं दारू गाळतात, पितात, झिंगतात, गळ्यात पडतात आणि मग प्रेक्षकांत घुसून कुणालाही मिठ्या मारतात. मुलं हसून लोळतील, मोठे जरा इकडेतिकडे बघतील.

खरा कागुरा मात्र नोव्हेंबर ते फेब्रुवारी, वाडीवाडीत, रात्रभर, ३३ नाच, आपल्या जागरण-गोंधळासारखा. नाचणारे गावातलेच शेतकरी-नोकरदार, वर कागद कापून केलेली चित्रं टांगलेली, आणि गुहेचं दार उघडायचा भाग येतो तो उजाडायच्या सुमारास. जाताना शोचू या जपानी दारूची बाटली किंवा पाकिटात थोडे पैसे न्या, आणि गरम कपडे, थंडी मी म्हणते.

खरी गुहा हीच कशावरून? आणि ही आपल्या वेदांतूनच गेलेली गोष्ट ना?

कशावरूनच नाही. मिए प्रांतातल्या शिमामध्ये एक आहे, ओकिनावाच्या इहेया बेटावर आणखी एक, प्रत्येक गाव आपलीच खरी म्हणतं. ऋग्वेदात वल नावाच्या असुराने कोंडलेल्या गाई आणि उषा इंद्र खडक फोडून सोडवतो, हे साम्य हार्वर्डचे संस्कृत अभ्यासक मायकेल विट्झेल यांनी सविस्तर मांडलंय. पण त्यांचं म्हणणं दोन्हींचं मूळ जुनं आणि एकच असावं असं आहे, तेव्हा "आपल्याकडूनच गेलं" हे फॉरवर्ड पुढे पाठवू नका.

शाकाहारी जेवण?

अवघड आहे. बांबूच्या पन्हळीतून वाहत येणाऱ्या सोमेन शेवया तिथे प्रसिद्ध आहेत पण बुडवायच्या रसात माशाचा अर्क असतो. कडक पाळत असाल तर मुक्कामाच्या ठिकाणी आधी कळवा, आणि थेपले न्याच.