एकाच आयटी कंपनीबद्दल कर्मचाऱ्यांची मतं इतकी उलटसुलट का असतात? ऑफर घ्यायची तर कोणाचं खरं मानायचं?

तुम्ही लिहिलंय की सोलापुरात एका छोट्या कंपनीत चार वर्षं जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेवर काम केलंत. आता हिंजवडीतल्या एका मोठ्या सर्व्हिस कंपनीची ऑफर आलीय, एचआरने शुक्रवारपर्यंत होकार मागितलाय आणि रिव्ह्यू वाचून डोकं भणभणलंय. एक म्हणतो इथूनच रिटायर होणार, दुसरा म्हणतो वैऱ्यालाही इथे पाठवू नका.

दोघंही खरंच सांगतायत. मी अशाच एका कंपनीत टेस्टिंगमध्ये बरीच वर्षं काढली आहेत आणि या दोघांच्याही खुर्चीत बसून झालंय, तेही कंपनी न बदलता.

सर्व्हिस कंपनी स्वतःचं काही बनवून विकत नाही, माणसांचा वेळ विकते. क्लायंट महिन्याला इतक्या माणसांचे इतके पैसे देतो, त्यातून पगार निघतो. त्यामुळे पगार, विमा, पीएफ, नोटीस पिरियड हे कंपनीच्या हातात. पण सकाळी किती वाजता लॉगिन करायचं, रात्री फोन वाजणार का, रजा मिळणार का, काही नवीन शिकायला मिळणार की पंधरा वर्षं जुना कोड उपसत बसायचं, हे सगळं क्लायंट आणि तुमचा मॅनेजर ठरवतात. एका बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर एक कंपनी असते आणि पाचव्या मजल्यावर दुसरी. आयकार्ड तेवढं सारखं.

माझा पहिला प्रोजेक्ट अमेरिकेतल्या एका विमा कंपनीचा होता. तीन महिन्यांनी एक रिलीज, डिसेंबरात चेंज फ्रीज, म्हणजे वर्ष संपेपर्यंत कोणी कोडला हात लावायचा नाही. मॅनेजर असा की क्लायंटची बोलणी स्वतः खायचा, आमच्यापर्यंत येऊ द्यायचा नाही. गौरी-गणपतीला कोकणातल्यांची रजा आधी मंजूर, तेव्हा विदर्भ-मराठवाड्यातले किल्ला लढवायचे आणि दिवाळीत उलटं. तेव्हा मला कोणी रिव्ह्यू मागितला असता तर मी पाच तारे देऊन वर शेजारणीच्या मुलीचा रेझ्युमेही पाठवला असता.

मग ते अकाउंट, म्हणजे त्या क्लायंटचं काम, आटलं आणि मला एका रिटेल क्लायंटच्या सपोर्टला टाकलं. तिथे नोव्हेंबरातला चौथा गुरुवार, म्हणजे अमेरिकेचा थँक्सगिव्हिंग, हा सुट्टीचा दिवस नव्हे. दुसऱ्या दिवशी त्यांचा वर्षातला सगळ्यात मोठा सेल असतो, त्यामुळे तो अख्खा आठवडा आम्ही उशाशी लॅपटॉप घेऊन झोपायचो. पी-वन तिकीट, म्हणजे सगळ्यात तातडीची तक्रार, आलं की पंधरा मिनिटांत कॉलवर. त्यांचं घड्याळ नोव्हेंबरात तासभर मागे गेलं की साडेसातची मीटिंग साडेआठला, म्हणजे ऐन जेवणाच्या वेळेला. इथला मॅनेजर एस्कलेशनची, म्हणजे क्लायंटने वरपर्यंत नेलेल्या तक्रारीची, मेल जशीच्या तशी आम्हाला फॉरवर्ड करायचा, वर फक्त एक प्रश्नचिन्ह. तेव्हाचा माझा रिव्ह्यू कसा झाला असता ते सांगायला नको.

कंपनी तीच, एचआर पॉलिसी तीच, कँटीनमधलं पोह्यांचं ताटसुद्धा तेच.

आता रिव्ह्यू लिहितं कोण ते बघा. ग्लासडोअर या कंपन्यांच्या रिव्ह्यूच्या साइटवर बरीच वर्षं असा नियम आहे की इतरांचे रिव्ह्यू पूर्ण वाचायचे तर आधी स्वतःचा एखादा टाका. म्हणजे लिहिणारा बहुतेक वेळा नोकरी शोधणारा असतो. जागेवर खूश असलेला माणूस तिकडे फिरकतच नाही. शिवाय दुसऱ्याचं वाचायला मिळावं म्हणून दोन ओळी खरडून मोकळे होणारे असतात, त्यांचं 'गुड वर्क कल्चर, लेस सॅलरी' तुम्ही शंभरदा वाचलं असेल. अँबिशनबॉक्स ही तशीच दुसरी साइट नोकरी डॉट कॉमवाल्या इन्फो एजचंच, तिथेही येणारा माणूस बहुधा नोकरीच्या खटपटीतच असतो. उलट बाजूला नव्याने भरती झालेले. आमच्याकडे इंडक्शनच्या आठवड्यातच एचआरची मेल यायची, लिंकसकट, 'आपला अनुभव शेअर करा'. अनुभव कसला, तर टी-शर्ट, डायरी आणि एसी बस. पाच तारे मिळणारच.

रिव्ह्यूची तारीख तर आधी बघावी. एप्रिल ते जुलै हा हाइकच्या, म्हणजे पगारवाढीच्या, पत्रांचा हंगाम, तेव्हाचा राग वेगळा काढून ठेवा. बेल कर्व्हमध्ये, म्हणजे रेटिंग ठरावीक प्रमाणातच वाटायच्या पद्धतीत, दहाजणांच्या टीमला वरचं रेटिंग एखाद-दुसऱ्यालाच बसतं. त्यात वर्षाच्या मध्यात प्रोजेक्ट बदललेला माणूस हमखास मरतो, कारण नव्या मॅनेजरला त्याचं काम माहीत नसतं आणि जुन्याला आता देणंघेणं नसतं. आणि वर्षही बघा. 2022 च्या जून तिमाहीत इन्फोसिसमधून नोकरी सोडून जाणाऱ्यांचं वार्षिक प्रमाण 28 टक्क्यांच्या वर होतं, बाकीच्या कंपन्यांचीही हालत फार वेगळी नव्हती. लोक हातात तीन-तीन ऑफर घेऊन फिरत होते आणि कंपन्या मनधरणी करत होत्या. 2025 च्या जुलैत टीसीएसने सुमारे 2 टक्के, म्हणजे बारा हजारांवर माणसं कमी करणार असं जाहीर केलं. त्याच्या महिनाभर आधी त्यांनी नियम केला होता की वर्षाला निदान 225 दिवस बिलिंग हवं, म्हणजे क्लायंट पैसे देतो असं काम हवं, आणि बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टशिवाय, 35 दिवसांपेक्षा जास्त बसायचं नाही. 2022 साली 'बेंचवर मजा आहे, सर्टिफिकेशन करा' असं लिहिणारा खोटं बोलत नव्हता. पण तो सल्ला आता वापरू नका.

हिंजवडीच्या कंपन्यांच्या 'वर्क लाइफ बॅलन्स'च्या तक्रारींतला निम्मा भाग भूमकर चौकातल्या आणि वाकडच्या पुलावरच्या ट्रॅफिकचा असतो, असं माझं स्पष्ट मत आहे. मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर 2018 मध्ये झालं आणि त्यानंतर पावसाळ्यामागून पावसाळे लोकांनी तिच्या खांबांशेजारी क्लच दाबून काढले. फेज तीनला ऑफिस आणि घर हडपसरला असेल तर कोणतीही कंपनी वाईटच वाटणार. घर वाकड, ताथवडे, मारुंजी या बाजूला घ्या. भाडं जास्त पडेल, तरी घ्या.

मग विश्वास ठेवायचा कशावर? खूश माणूस आणि चिडलेला माणूस दोघंही जे एकसारखं सांगतात, त्यावर. आमच्या कंपनीबद्दल दोन्ही टोकांचे लोक तीन गोष्टी न चुकता लिहायचे: नोटीस पिरियड 90 दिवस आणि बायआउट, म्हणजे पैसे भरून लवकर सुटका, करू देत नाहीत, व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर ठरणारा पगाराचा भाग, पूर्ण कधीच मिळत नाही, आणि आईवडिलांचा विमा चांगला आहे. तिन्ही तंतोतंत खरं होतं. तुमच्या कंपनीचे चाळीसेक रिव्ह्यू अशा नजरेने वाचा, तारे न बघता. पगाराच्या आकड्यांवर वेळ घालवू नका. सीटीसीत, म्हणजे कंपनी तुमच्यावर वर्षाला करते त्या एकूण खर्चाच्या आकड्यात, कंपनीच्या वाट्याचा पीएफ, ग्रॅच्युइटी आणि व्हेरिएबल सगळं धरलेलं असतं, आणि ग्रॅच्युइटी साधारणपणे पाच वर्षं टिकलात तरच हातात पडते. एचआरकडून महिन्याला हातात येणाऱ्या रकमेचा तक्ता मागा, देतात.

त्यांना एक गोष्ट नक्की विचारा: मला कुठल्या अकाउंटसाठी घेताय? क्लायंटचं नाव सांगणार नाहीत कदाचित, पण बँक, विमा, रिटेल, टेलिकॉम यातलं काय, डेव्हलपमेंट की सपोर्ट, शिफ्ट कोणती, एवढं सांगायला हरकत नसते. क्लायंटने तुमचा इंटरव्ह्यू घेतला असेल तर जागा नक्की आहे असं समजा. 'आत्ता जॉइन व्हा, प्रोजेक्ट नंतर बघू' असं उत्तर आलं तर तुम्हाला बेंचवर उतरवणार आहेत, आणि सध्याच्या दिवसांत मी ते घेणार नाही. कोणी सोडून गेला म्हणून जागा रिकामी झालीय का, हेही सहज विचारल्यासारखं विचारा. त्या टीममधून वर्षात तीन-चारजण गेले असतील तर ते लिंक्डइनवर सापडतातच. त्यांना 'कंपनी कशी आहे' असं विचारू नका, 'ठीक आहे' असंच उत्तर येईल. शनिवारी फोन येतो का, शेवटची सलग आठवडाभर रजा कधी मिळाली होती, राजीनामा टाकल्यावर मॅनेजर कसा वागला, असं विचारा. शेवटच्या प्रश्नावर माणूस भरभरून बोलतो.

शुक्रवारच्या मुदतीचं फार मनावर घेऊ नका. चार वर्षांचा जावाचा अनुभव असलेल्या माणसाला शोधायला त्यांचेही काही आठवडे गेलेत. 'टीम लीडशी एकदा बोलायचं आहे, पुढच्या बुधवारपर्यंत वेळ द्या' अशी साधी मेल टाका. बहुतेक ठिकाणी मिळतो. टीम लीडशी बोलणं करून द्यायलाच टाळाटाळ झाली, तर तो तुमच्यासाठी त्या प्रोजेक्टचा पहिला रिव्ह्यू.