फोर्टची फेरी : ऊन, सिग्नल आणि 75 माणसं

प्रश्न : आमच्या मंडळातल्या 75 जणांना एका रविवारी मुंबईचा फोर्ट भाग दाखवायचा आहे. माहिती सांगणारे तिघे आहेत. सगळ्यांना एकदमच नेलं तर? (दहिसर)

उत्तर : पंचवीस-पंचवीसच्या तीन तुकड्या करा आणि साडेसात, आठ, साडेआठ अशा अर्ध्या तासाच्या अंतराने सोडा. एशियाटिकच्या पायऱ्या, हॉर्निमन सर्कल, सेंट थॉमस कॅथिड्रल, हुतात्मा चौक, ओव्हल आणि शेवटी चर्चगेट स्टेशन. अंतर जेमतेम दीड-पावणेदोन किलोमीटर, पण वेळ पावणेदोन तास धरा. चालायला फार लागत नाही, रस्ता ओलांडायला लागतो. पंचवीस माणसं एका सिग्नलला कधीच पार होत नाहीत. पंधरा पलीकडे जातात, दहा अलीकडे अडकतात. गाइड पलीकडे बोलायला लागतो, मग मागून आलेल्यांसाठी तेच पुन्हा सांगतो, आणि तिसऱ्या थांब्यापर्यंत मागची तुकडी पाठीवर येऊन ठेपते.

यावर साधा उपाय आहे. प्रत्येक तुकडीच्या शेपटाला भडक टोपी घातलेला एक कार्यकर्ता ठेवा. ती टोपी पलीकडे पोचल्याशिवाय गाइडने तोंड उघडायचं नाही. एका थांब्यावर सहा-सात मिनिटं पुरेत. माहिती कमी सांगितली म्हणून कोणी कुरकुरत नाही; उन्हात उभं केलं की मात्र सगळे कुरकुरतात.

म्हणून सुरुवात पायऱ्यांवरूनच करा. टाउन हॉलची, म्हणजे एशियाटिकच्याच इमारतीची, दर्शनी बाजू पश्चिमेला आहे, त्यामुळे सकाळी इमारतीचीच सावली त्या तीस पायऱ्यांवर पडते. कोटाचा, म्हणजे जुन्या तटबंदीतल्या शहराचा, नकाशा, दरवाजे, बंदर, हे लांबलचक बोलणं तिथे लोकांना बसवून उरकून घ्या. फोटोवाल्यांची गर्दी असते, तेव्हा एका कडेला बसा. ओव्हल मैदानावर ऊन उलटं वागतं. सकाळी सूर्य राजाबाई टॉवर आणि हायकोर्टाच्या मागे असतो, म्हणून फोटोत ते काळे येतात. समोरच्या आर्ट डेको इमारती मात्र झळझळीत दिसतात. मैदानाच्या या दोन्ही बाजू मिळून 2018 साली जागतिक वारसा यादीत गेल्या, तेव्हा एक बाजू अंधारात ठेवणं जिवावर येतं. राजाबाईचा चांगला फोटो हवाच असेल तर फेरी दुपारी चारला काढा.

रविवारचे दोन घोटाळे. कॅथिड्रलमध्ये सकाळी प्रार्थना असते, त्यामुळे बाहेरूनच बघा. आणि कचेऱ्या बंद म्हणजे आसपासची हॉटेलंही बरीचशी बंद, तेव्हा नाश्ता आणि स्वच्छतागृह दोन्ही चर्चगेटलाच उरकून पायऱ्यांकडे या. परतीसाठी रेल्वेचा ब्लॉक (दुरुस्तीसाठी गाड्या बंद) कुठल्या मार्गावर आहे ते शनिवारीच बघून ठेवा.

प्रश्न : त्याच दिवशी दुपारी घारापुरी जमेल का? (ठाणे)

उत्तर : जमेल, पण धाप लागेल. गेटवेहून लाँचला जायला तासभर, यायला तासभर. धक्क्यापासून छोटी आगगाडी किंवा पायी, मग सुमारे 120 पायऱ्या. लेण्यांना दीड तास दिला आणि वाट बघण्याचा वेळ धरला तर पाच तास सहज जातात. दुपारी एकनंतर निघालात तर परतीच्या लाँचकडे डोळे लावून सदाशिवाची ती वीसेक फुटी मूर्ती बघावी लागेल. त्यापेक्षा वेगळा दिवस काढा, सोमवार सोडून. त्या दिवशी लेणी बंद असतात. लाँचचं भाडं, ग्रामपंचायतीचा कर आणि लेण्यांचं तिकीट तिन्ही वेगवेगळी, सुटे पैसे ठेवा. गुडघे दुखणाऱ्यांना डोली मिळते, भाव आधी ठरवा. हातात सरबताची बाटली घेऊन चढू नका, माकडं ती नेतातच. पावसाळ्यात धोक्याचा बावटा लागला की लाँच बंद.

प्रश्न : चर्चगेटला चर्च कुठे आहे, असं मुलं विचारतात. (गिरगाव)

उत्तर : सेंट थॉमस हेच ते चर्च, 1718 सालचं. कोटाचा त्याच्याकडे जाणारा दरवाजा आजच्या फ्लोरा फाउंटनपाशी होता. 1860 च्या दशकात, बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना, तट पाडला. दरवाजा गेला, नाव तेवढं स्टेशनाला चिकटलं. मुलांना फाउंटनपाशी पूर्वेकडे तोंड करून उभं करा आणि "आता आपण कोटात शिरतोय" म्हणा, लगेच कळतं.

प्रश्न : गाइड हमखास कुठे चुकतात? (परळ)

उत्तर : दोन ठिकाणी. एक, पंचम जॉर्ज गेटवेतून आत आले, असं सांगतात. ते डिसेंबर 1911 मध्ये आले तेव्हा तिथे तात्पुरती सजावट होती. वास्तुविशारद विटेटचा आराखडा 1914 मध्ये मंजूर झाला आणि वास्तू 4 डिसेंबर 1924 ला खुली झाली. त्या कमानीखालून गेले ते परतीचे शेवटचे ब्रिटिश सैनिक, फेब्रुवारी 1948 मध्ये. दुसरी चूक सीएसएमटीची. 16 एप्रिल 1853 ची पहिली गाडी बोरीबंदरहून सुटली हे खरं, पण वास्तुविशारद स्टीव्हन्सची ही इमारत पुरी झाली 1888 मध्ये. पालिकेच्या इमारतीसमोर उभं राहून सांगत असाल तर दुपारनंतर या. स्टेशनाच्या दर्शनी भागावर तेव्हाच ऊन येतं आणि दगडातली माकडं, मोर सगळं सुटं सुटं दिसतं.