नाकात जंतू आहे, पण आजार नाही

प्रश्न : माझ्या सासूबाईंच्या गुडघ्याचा सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया ठरली आहे. त्याआधी घेतलेल्या नाकाच्या स्वॅबमध्ये ‘एमआरएसए’ जंतू आढळला. मात्र त्यांना ताप नाही आणि कुठे फोडही नाही. भारतात याचे प्रमाण ४० टक्के असल्याचे वाचनात आले. हे खरे आहे का? त्यांची भांडी वेगळी ठेवावीत का, आणि तालमीत जाणाऱ्या माझ्या मुलासह घरातील सर्वांची तपासणी करावी का?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : आपण वाचलेला आकडा निराधार नाही, पण तो निरोगी माणसांचा नाही. २००८ आणि २००९ या वर्षांत देशातील १५ मोठ्या रुग्णालयांत रुग्णांच्या नमुन्यांतून मिळालेल्या स्टॅफिलोकॉकस ऑरियस (थोडक्यात ‘स्टॅफ’) जंतूंपैकी सुमारे ४० टक्के जंतू मेथिसिलिन या प्रतिजैविकाला दाद न देणारे, म्हणजे एमआरएसए, निघाले. हे शेकडा प्रमाण जंतूंचे आहे, माणसांचे नव्हे, आणि तेही रुग्णालयांपर्यंत पोहोचलेल्यांच्या जंतूंचे. बातम्यांत हा फरक नेमका गळून पडतो.

साधा स्टॅफ जंतू साधारण ३० टक्के निरोगी लोकांच्या नाकात काहीही त्रास न देता राहतो. कोणाच्या नाकात तो कायम असतो, तर कोणाच्या नाकात येऊन-जाऊन असतो. प्रतिरोधक जंतू बाळगणारे त्या मानाने फार थोडे असतात. अमेरिकेत हे प्रमाण शंभरात सुमारे दोन आहे. आपल्याकडील पाहण्यांतील आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, कारण महाविद्यालयीन विद्यार्थी तपासले की एक चित्र दिसते आणि नुकतेच रुग्णालयातून घरी आलेले किंवा वारंवार प्रतिजैविके घेतलेले लोक तपासले की दुसरे.

सासूबाई आज आजारी नाहीत, त्या केवळ वाहक आहेत. तरीही शस्त्रक्रियेपूर्वी हे कळले ते बरेच झाले, कारण जखमेत शिरणारा स्टॅफ पुष्कळदा रुग्णाच्या स्वतःच्याच नाकातून किंवा त्वचेवरून आलेला असतो आणि कृत्रिम सांध्यावर एकदा बस्तान बसवले की त्याला हटवणे अतिशय कठीण जाते. म्हणून सहसा पाच दिवस नाकात मुपिरोसिनचे मलम लावण्यास आणि क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने अंघोळ करण्यास सांगतात. शस्त्रक्रियेच्या वेळी द्यावयाचे प्रतिजैविकही या अहवालानुसार बदलावे लागू शकते. अहवाल शल्यचिकित्सकांना अवश्य दाखवा. केवळ नाकातील जंतूसाठी, त्यांनी सांगितल्याशिवाय, पोटात गोळ्या घेऊ नयेत.

भांडी वेगळी ठेवण्याचे कारण नाही. हा जंतू मुख्यतः त्वचेच्या स्पर्शातून, हातांवाटे आणि एकमेकांचे टॉवेल किंवा वस्तरे वापरल्याने पसरतो. त्यामुळे भांड्यांपेक्षा तालमीकडे लक्ष देणे मला अधिक योग्य वाटते : मुलाचा टॉवेल स्वतंत्र असावा, सरावानंतर त्याने लगेच साबणाने अंघोळ करावी आणि अंगावर उघडी जखम असेल तर ती बरी होईपर्यंत कुस्ती खेळू नये. घरात कोणाला वारंवार गळवे होत नसतील, तर सरसकट तपासणीची गरज नाही. लाल, दुखरे गळू आलेच, तर औषधाच्या दुकानातून परस्पर गोळ्या न आणता डॉक्टरांकडून त्याचा निचरा करून घ्यावा आणि पू तपासणीला पाठवण्याविषयी त्यांना विचारावे.